तुमचे दात आणि माझं मनगट

मास्तर, परवा रविवारी तुमच्या फोटोला हार घालताना माझं उजवं मनगट ठणकत होतं आणि मी मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत होते. फोटो तो पलटणीतला, बँडच्या ड्रेसमधला, मिशांना पीळ दिलेला. समोर खुर्च्यांवर तुमचे दीडशे-एक शिष्य. कुणी रुमाल डोळ्यांना लावलाय, कुणी नाक ओढतंय. हार घालून मी खाली आले, तर शेजारची बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "रडून घे गं, मोकळी हो." मला रडायचं नव्हतं. मला तुमच्याशी भांडायचं होतं, आणि तुम्ही नेहमीप्रमाणं मध्येच उठून गेला होतात.

तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत घरोघर तुमचं कौतुक ऐकून माझे कान किटलेत. शिस्तीचे होते, हाडाचे कलावंत होते, पोटच्या पोरांसारखं शिकवलं. असेल. मी मात्र आज तुमच्याशी जे बोलणार आहे ते हारतुऱ्यांत बसणारं नाही. तुम्ही समोर असताना तोंड उघडायची सोय नव्हती. एक वाक्य बोललं की तुम्ही "सावधान!" म्हणून ओरडायचात आणि विषय संपायचा. आता ओरडा बघू.

मी सोळा वर्षांची होते. वडिलांचं सांगलीत धान्याचं दुकान, घरात कडक जैन वळण, आणि मला ड्रम शिकायचा होता. दोन ठिकाणी नाही म्हणून झालं होतं. मुलीला गाणं शिकवा, पेटी शिकवा, हे काय भलतंच. वडील मला विश्रामबागेत तुमच्याकडं घेऊन आले तेही तुम्ही नाही म्हणाल या भरवशावरच. तुमच्या घरामागं ती पत्र्याची शेड, आत एक ड्रमसेट आणि सात-आठ चपटे स्नेअर ड्रम. तुम्ही माझे हात बघितले, पालथे-उलथे करून बघितले.

"नाव काय?"

"पद्मजा."

"लय लांब झालं. पद्मा." मग वडिलांकडं वळून, "आवं शेठ, पोरगी हाय म्हणून काय झालं? हात हायती न्हवं तिला? ठिवून जावा."

हे तुमचं मी विसरलेली नाही. सांगलीत तेव्हा एकाही माणसाच्या तोंडून हे निघालं नसतं. भांडताना चांगलं आठवू नये असं मला फार वाटतं, पण ते आठवतंच. ते झालं, आता पुढं ऐका.

त्याच दिवशी तुम्ही माझ्या हातात बाभळीच्या स्टिका दिल्यात. पोळपाट-लाटणी करणाऱ्या एका काताऱ्याकडून तुम्ही त्या करून घ्यायचात आणि दिसायलाही त्या लाटण्यांच्या बारीक भावंडांसारख्या होत्या. जाडजूड, जड, टोकाला बोंड. दुकानात मिळणाऱ्या स्टिका तुम्हाला चालायच्या नाहीत. "हाताला वजन घावलं की हात आपसूक सरळ येतोय," असं तुमचं म्हणणं. प्रत्येकाला तीच स्टिक, मग तो पैलवान असो की माझ्यासारखी पंचेचाळीस किलोची मुलगी. आमच्यातला हणमंत आडदांड होता, बेंजो पार्टीत वाजवायचा, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. त्याला ती स्टिक शोभायची. त्याच्या हातात हलकी दिली असती तर त्यानं ती घट्ट आवळून धरली असती, चार गाण्यांत मोडली असती आणि खांदा दुखवून घेतला असता. त्याचं ते बरोबर होतं. पण माझा हात बोटांनी वाजवणारा होता. स्टिक चामड्यापासून चार बोटं वर न्यायची आणि सोडून द्यायची, ती आपली आपण उसळते, तिला फक्त वाट द्यायची. ही माझी जात होती वाजवण्याची. तुम्ही ती चार वर्षं रोज बघत होतात.

आणि तुमची ती जोडी निवडायची पद्धत! काताऱ्याकडून वीस-पंचवीस स्टिकांचा भारा आला की तुम्ही शेडमध्ये मांडी घालून बसायचात. एक स्टिक घ्यायची, बूड दातांत धरायचं, डोळे मिटायचे, दुसऱ्या स्टिकनं तिच्यावर टक टक करायचं. मग दुसरी दातांत. दोन्ही सारख्या वाटल्या की "ही जोडी" म्हणून बाजूला ठेवायचात. आम्ही श्वास रोखून बघायचो. आम्हाला वाटायचं, ही फौजेतली विद्या आहे, इथं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. हणमंत नव्या पोरांना सांगायचा, "दातात धरल्याबगर लाकडाचा जीव कळत न्हाई गड्या." मग आम्हीही धरायला लागलो. मी तर घरी नेऊन आधी साबणानं धुवायची आणि मग चावायची. आई विचारायची, "काय चावतेस गं सारखी, दातवण आहे का ते?" तुमचे शिष्य सांगली-साताऱ्यात इतके पसरले की वाद्यांच्या दुकानात नव्या कोऱ्या स्टिकांवर दातांचे वण दिसायला लागले. शेवटी दुकानदारानं कपाटावर पाटी लावली, 'कृपया स्टिक तोंडात धरून बघू नयेत.' आम्ही त्याला अडाणी म्हणून हसायचो.

चौथ्या वर्षी माझं मनगट सुजलं. अंगठ्याच्या खालून कोपरापर्यंत कळ यायची, वेणी घालता येईना. डॉक्टर म्हणाले, स्नायूंच्या दोऱ्यांना सूज आहे, दीड महिना हाताला विश्रांती, आणि पुढं एवढं जड काही धरायचं नाही. दीड महिन्यानं मी दुकानात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची स्टिक स्वतः निवडली. मेपलची, बारीक, टोकाला ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा गोल मणी. सात-आठ जोड्या काउंटरच्या काचेवर लोळवून बघितल्या, डगडगणाऱ्या बाजूला काढल्या. उरलेल्या एकेक करून बोटावर तोलल्या, तोल फार पुढं असलेल्या परत दिल्या. मग कानाजवळ धरून नखानं वाजवल्या. दोन स्टिका अगदी एका सुरात बोलल्या. घरी येऊन सरावाच्या रबरावर पंधरा मिनिटं वाजवलं आणि मनगट दुखलं नाही. मला तेव्हा खूप रडू आलं होतं, मास्तर. आनंदानं. ती जोडी तुम्हाला दाखवायला मी दुसऱ्याच दिवशी सायकल हाणत आले.

तुम्ही त्या दोन बोटांत उचलल्यात. शेडमध्ये दहा-बारा जण होते.

"ह्या उदबत्त्या कुठं लावायच्या? देव्हाऱ्यात?"

सगळे हसले. हणमंत सगळ्यांत मोठ्यानं. मी म्हटलं, "मास्तर, एकदा ऐका तरी." मी बसले आणि वाजवलं. तुम्ही समोर उभे राहून माझ्या हातांकडं बघत होतात. मग पुढं येऊन ड्रमच्या कडेवर पंजा ठेवलात. मी जीव तोडून वाजवत होते. तुम्ही पंजा काढून घेतलात.

"आवाज हाय कुठं? दमदार काठी धरायची आसंल तवा ये. तवर घरात बसून वाती वळ."

मी परत आले नाही. तुम्हीही बोलावलं नाही. चार वर्षांचं नातं त्या एका वाक्यात बसवलंत आणि शेडचं दार लावून घेतलंत.

पुढं मी विलासदादांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागले. गाव, तालुका, जिल्हा करत हिंडलो. फलटणला साखर कारखान्याच्या कार्यक्रमात वाजवलं, शिरवळला कंपनीच्या वर्धापनदिनाला वाजवलं. जुन्या गाण्यांत गायिकेच्या आवाजावर ड्रम चढू द्यायचा नाही ही माझी खासियत होती, आणि ती त्या बारीक स्टिकांमुळं होती. झांजेवर तो छोटा मणी पडला की थेंबासारखा स्वच्छ आवाज यायचा. विलासदादा म्हणायचे, "पद्मा मागं आसली की मला गाणाऱ्याची काळजी न्हाई." मी पंचवीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं, आपलं बस्तान बसलं.

मग साताऱ्याचा तो कार्यक्रम. तुम्ही प्रमुख पाहुणे, पहिल्या रांगेत. मला आधी कळलं तेव्हा तीन दिवस जेवण गेलं नाही. मी ठरवलं, आज मास्तरांना ऐकवायचंच. मी तसं पुन्हा कधीच वाजवलं नाही. हे मी फुशारकीनं सांगत नाही, वाजवणाऱ्याला ते आतून कळतं. शेवटी तुम्हाला दोन शब्द बोलायला माइक दिला. तुम्ही गायकांना शाबासकी दिलीत, विलासदादांना दिलीत, आणि मग माझ्याकडं वळलात.

"ही पोरगी माझ्याकडंच हुती. खरं सांगू का? आवाज येत न्हाई हिचा. ड्रमवाला हाय का न्हाई, शेवटपतोर मला कळंना."

सभागृह खदखदून हसलं. मी ड्रममागं बसून होते, स्टिका हातात. कुठं बघावं कळत नव्हतं म्हणून मी स्टूलच्या स्क्रूकडं बघत राहिले.

येताना कऱ्हाडला चहाला थांबलो तेव्हा विलासदादा म्हणाले, "तुझं काय चुकलं आसं मी म्हणत न्हाई पद्मा. पर मास्तरांचा कान म्हंजे कान. लोक इचारणार." पुढच्या कार्यक्रमाला दुसरा ड्रमवाला होता. मला कुणी काढलं नाही, नुसतं बोलावलं नाही. दोन वर्षं मी स्टेज बघितलं नाही.

त्याहून वाईट सांगू? मी तुमच्यावर विश्वास ठेवला. विलासदादांचं दोन वर्षांचं कौतुक एका बाजूला आणि तुमचं एक वाक्य एका बाजूला, तरी मी तुमचंच खरं मानलं. मास्तर म्हणतात आवाज येत नाही म्हणजे येत नसणार. मी माळ्यावरून बाभळीच्या स्टिका काढल्या आणि घरी, दार लावून, तीन महिने रोज दोन तास वाजवलं. डॉक्टरांनी बजावलेलं असताना. एके दिवशी सकाळी पोळी लाटताना मनगटात काहीतरी कचकन झालं आणि तिथून पुढं ते कधी पूर्वीसारखं झालंच नाही. आता मी सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त वाजवू शकत नाही. आमच्या जैनांत पूजा-विधानं असतात, तिथं भक्तिगीतांना साथ करते. छोटा मांडव, म्हातारीकोतारी माणसं, हळू वाजवणारं माणूस त्यांना हवंच असतं. तिथंही दर वेळी मी मागं बसलेल्या बायकांना विचारते, "येतो का हो आवाज माझा?" त्या बिचाऱ्या गोंधळतात. येतो की गं, असं का विचारतेस, म्हणतात. मला खरं वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्या घरून काकींचा फोन आला, "त्यांस्नी बरं नसतंय, एकदा येऊन जा." नको नको म्हणत आले. फाटकातून हाक मारली, "मास्तर." तुम्ही व्हरांड्यात पाठमोरे बसला होतात. पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा ओरडले, तेव्हा शेजारच्या घरातला कुत्रा भुंकला, पण तुम्ही मान वळवली नाहीत. मी जवळ आले आणि बघतच राहिले. समोर रेडिओ लावलेला. बाभळीच्या स्टिकचं बूड तुमच्या दातांत, दुसरं टोक रेडिओच्या पेटीवर टेकवलेलं, आणि तुम्ही डोळे मिटून, मान किंचित हलवत, ऐकत होतात.

मला एका क्षणात सगळं समजलं. ती जोडी निवडायची पद्धत, ती फौजेतली विद्या, दुकानातली पाटी. कानानं येत नव्हतं ते तुम्ही दातांनी ऐकत होतात, आणि आम्ही सगळे गाढवासारखे, चांगले धडधाकट कान असून, लाकडं चावत हिंडत होतो.

तुम्ही डोळे उघडलेत. स्टिक पटकन मांडीखाली.

"कवा आलीस?"

"मास्तर, तुम्हाला ऐकू येत नाही."

तुम्ही माझ्या ओठांकडं बघत होतात. "येतंय की. तू हळू बोलत्यास."

"कधीपासून?"

तुम्ही हात लांब करून रेडिओ बंद केलात. मग म्हणालात, "डावा पलटणीत आसतानाच गेला. मोठ्या ड्रमाशेजारी हुबं आसायचो. उजवा मागनं, हळूहळू. तू यायचीस तवाच जायला लागला हुता."

"मग साताऱ्याला मी वाजवलं ते तुम्ही ऐकलंत का?"

"बघितलं की."

"ऐकलंत का विचारते मी."

"काठी वर जातच नव्हती तुझी. दिसणार काय मला?"

"आणि सगळ्यांसमोर म्हणालात आवाज येत नाही!"

"मला येत नव्हता," तुम्ही म्हणालात. "खोटं बोललो का मी?"

मास्तर, त्या वाक्यासाठी मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही. तुम्ही ते हसून म्हणाला असतात तरी चाललं असतं. रडून म्हणाला असतात तर मी तुमचे पाय धरले असते. तुम्ही ते सरळ छाती काढून म्हणालात, परेडला उभे असल्यासारखे. मी आलेला चहा तसाच ठेवून उठले. काकी फाटकापर्यंत मागं आल्या. माझा दंड धरून म्हणाल्या, "कुणाला बोलू नगंस गं. बँडवाल्याचा कान गेला म्हणल्यावर त्याचं उरतंय काय? तेवढ्यावरच जगत्यात ते." मी मान हलवली. शब्द दिला असंच म्हणा.

घरी येऊन मी दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले आणि तुमची विद्या करून बघितली. बाभळीची स्टिक दातांत धरून तिच्यावर टक केलं तर कवटीत घण पडल्यासारखा आवाज. मेपलची धरली तर नुसती कुजबुज, तीही मन लावल्यावर. एवढंच होतं तर. माझी स्टिक वाईट नव्हती, माझा हात वाईट नव्हता. ती फक्त तुमच्या दातांपर्यंत पोचत नव्हती. आणि त्यापायी मी मनगट घालवून बसले होते.

मग मी वाट बघितली. मला वाटलं, आता गुपित फुटलंच आहे तर मास्तर फोन करतील. काकींकरवी निरोप पाठवतील. विलासदादांना एवढं तरी सांगतील की त्या दिवशी माझा अंदाज चुकला. उन्हाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली. मोबाइल वाजला की मी आधी तुमचं नाव दिसतंय का बघायची. सोळा दिवसांपूर्वी ते दिसलं. बोलत होत्या काकी.

एक गोष्ट तुमच्या बाजूनं मला मान्य करायला हवी, आणि ती करताना माझ्या जिवावर येतंय. तुम्ही आम्हाला डोळ्यांनी शिकवलंत. कुणाची स्टिक उशिरा निघते, कुणाचा खांदा आधी उचलला जातो, हे तुम्ही शेडच्या दारातून ओळखायचात. आज मी कुठल्याही वाजवणाऱ्याकडं बघून सांगू शकते, हा पुढच्या मात्रेला चुकणार. लयीत मी आजवर कुठं घसरले नाही ते तुमच्यामुळं. बहिऱ्या माणसानं मला लय दिली. हे इतकं मोठं आहे की तुम्ही ते सांगितलं असतंत तर लोकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलं असतं. पण तुम्हाला कानाचीच मिरवणूक काढून घ्यायची होती.

तर परवाची सभा. विश्रामबागेतलाच हॉल, स्टेजवर तुमचा ड्रमसेट आणून मांडलेला. एकेक जण उठून तुमच्या कानाबद्दल बोलत होता. हणमंत तर अर्धा तास बोलला. "माणूस लय सडेतोड. आपल्या पद्मालासुदिक साताऱ्याला भर सभेत सांगितलं, आवाज येत न्हाई म्हणून. आसा कान पुन्यांदा व्हनार न्हाई." लोकांनी माझ्याकडं वळून बघितलं. नऊ वर्षांनी, तुमच्या फोटोसमोर, मी पुन्हा स्टूलचा स्क्रू शोधत होते. मग हणमंत म्हणाला, "आता एक मिनिट शांतता. सगळ्यांनी काठी दातात धरून. मास्तरांची खूण म्हणून."

आणि दीडशे माणसं उभी राहिली. मिशीवाले, टक्कलवाले, सरकारी नोकरीतले, दोन तर स्वतःच्या नातवंडांना घेऊन आलेले. सगळ्यांनी स्टिका आणल्याच होत्या. सगळ्यांनी त्या तोंडात घातल्या आणि डोळे मिटले. मास्तर, तुम्ही हे बघायला हवं होतं. दुःखाच्या सभेत मला इतकं मोठं हसू फुटलं की ते दाबताना माझ्या तोंडून किंचाळल्यासारखा आवाज निघाला. लोकांनी डोळे उघडले. मी चालत पुढं गेले आणि हणमंतच्या हातातून माइक घेतला.

पहिल्या रांगेत काकी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना कळलं. मला दिलेला शब्द आठवत होता आणि तरी मी तो मोडला. त्याचा मला अभिमान नाही.

"काढा त्या तोंडातून," मी म्हटलं. "मास्तरांना ऐकू येत नव्हतं. ते दातांनी ऐकायचे. आपल्या सगळ्यांना कान आहेत."

हणमंत म्हणाला, "पद्मा, खाली बस. गेलेल्या माणसावर राग काढतीस व्हय?"

"हो," मी म्हटलं. "जिवंतपणी काढू दिला नाही म्हणून."

हॉलमध्ये गलका झाला. कुणी म्हणालं, हिला बाहेर काढा. तेवढ्यात काकी उठल्या. त्यांना माइक लागत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे, आणि का लागत नाही तेही.

"खरं हाय तिचं," त्या म्हणाल्या. "उजवा कानबी जाऊन पंधरा वरसं झाली. मी जेवाय हाक मारली की सगळी गल्ली जेवाय उठायची, ह्यांस्नी पत्ता नसायचा. मला म्हणायचे, कुणाला बोललीस तर बघ. न्हाई बोलले. वरडून वरडून माझा घसा गेला, तरी न्हाई बोलले. लोकं म्हणायची, मास्तरीणबाई लय भांडकुदळ. मी कवा भांडले? मी नुसतं चहा घ्या म्हणायची."

कुणी हसलं नाही. हणमंतनं हातातल्या स्टिकवरचे दातांचे वण अंगठ्यानं चोळत खाली बघितलं. काकींनी पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "वाजव. साताऱ्याला मला न्हेलं नव्हतं. मला तरी ऐकू दे."

मी पिशवीतून माझ्या स्टिका काढल्या आणि तुमच्या ड्रमसेटवर बसले. माइक लावायला एक पोरगा धावला, त्याला नको म्हटलं. कुणीतरी पंखे बंद केले. मी तेच वाजवलं जे साताऱ्याला वाजवलं होतं. आधी नुसती झांज, मग स्नेअरवर बोटांची बारीक भरण, मग खालच्या ड्रमवर एक-एक ठोका, लांब लांब. मनगट सात-आठ मिनिटांत बोलायला लागलं, मी थांबले नाही. काकी डोळे उघडे ठेवून ऐकत होत्या. हॉलमध्ये साधी खुर्ची सरकल्याचा आवाज नव्हता.

संपलं तेव्हा सगळ्यांत मागच्या रांगेतून विलासदादा उठले. कार्यक्रमाआधी साउंड तपासताना ते जसा शेवटच्या खुर्चीपाशी जाऊन हात वर करायचे तसा त्यांनी हात वर केला.

"येतोय पद्मा," ते म्हणाले. "सगळा येतोय."

टाळ्या पडल्या. हणमंत सगळ्यांच्या आधी उभा राहिला. मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझं मन निवेल. नाही निवलं. नऊ वर्षं ज्या वाक्यासाठी थांबले ते शेवटी विलासदादांच्या तोंडून आलं आणि मला त्याचं काय करावं ते कळेना. मला ते तुमच्याकडून हवं होतं, मास्तर. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्याला माझ्या लेखी कधी किंमतच नव्हती, हीच तर खरी मेख आहे.

घरी येऊन मनगट गरम पाण्यात धरून बसले तेव्हा कुठं मला तुमच्यासाठी रडू आलं. रागानंच आलं. तुम्ही मला हाकलून दिलंत, हसं केलंत, खोटं पाडलंत, आणि हे सगळं कशासाठी, तर एक वाक्य बोलावं लागू नये म्हणून. तुम्ही नुसतं म्हणायचं होतंत, "पद्मे, मला ऐकू येत न्हाई, जरा जोरानं वाजव." मी वाजवलं असतं हो. मनगट जाणार हे ठाऊक असून वाजवलं असतं, तुमच्या एकट्यासाठी.